खुर्चीवरच्याला पत्ते नाहीत

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठे? खुर्चीवर बसलो, हा गुन्हा झाला का? अहो, जगात माणसं खुर्चीसाठी एकमेकांच्या उरावर बसतात, आणि मला खुर्चीवर बसलो म्हणून हाकलून दिलं! कोणी? परक्याने नाही हो, परक्याने हाकललं तर माणूस दोन शिव्या हासडून मोकळा होतो... सख्ख्या बहिणीने! थोरल्या! आक्काने! आणि कुठून हाकललं, तर पत्त्यांच्या डावातून!

हसा, हसा. तुम्हाला वाटणार, पत्ते ते काय, वेळ जात नाही म्हणून खेळायचे. आमच्या घरात तसं नव्हतं. तुम्हाला सांगतो, आम्ही चार भावंडं. आक्का, मग दादा, मग मी आणि मग धाकटी. खोल्या दोन. पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकाम, आणि अर्धी खोली अडवून बसलेलं त्यांचं कापायचं टेबल. दुपारी जेवून बाबा आडवे झाले, मशीन थांबलं, की आम्ही त्या टेबलाखाली! चादर अंथरायची, चिंध्या बाजूला सारायच्या आणि चौघांनी मांडी घालून बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून, कारण जागाच तेवढी. बाबा झोपलेत म्हणून बोलायचं नाही, हसायचं नाही, पान आपटायचं नाही. हुकूम मारायचा तोसुद्धा आवाज न करता! कधी मारून बघा, किती जीव घुसमटतो ते. आणि एवढं सगळं चोरून चाललेलं असताना पलंगावरून, डोळे मिटलेले, तोंड भिंतीकडे, आणि बाबांचा आवाज यायचा, 'बदामाचा एक्का अजून बाहेर आलेला नाही...' म्हणजे हा माणूस झोपलेला नसायचाच! पडल्या पडल्या पानं मोजायचा! आम्हाला खेळता यावं म्हणून झोपेचं सोंग घ्यायचा, हे कळायला मला स्वतःला मुलं व्हावी लागली.

तर भिडू तेव्हापासून ठरलेले. आक्का आणि मी एकीकडे, दादा आणि धाकटी दुसरीकडे. लग्नं झाली, घरं वेगळी झाली, गावं वेगळी झाली, केस गेले, दात गेले, भिडू तेच! वर्षातून एकदा सुट्टीत सगळे आक्काकडे जमतो, चादर पडते आणि बाकीच्या घरादाराने आमच्याशी बोलायचं नाही. जेवायला हाकसुद्धा मारायची नाही. डाव संपला की आपले येतात.

आता गुडघ्यांचं सांगतो. मी कटिंग मास्तर. बाबा जमिनीवर बसून हातमशीन चालवायचे, मी मोठ्या दुकानात लागलो, तिथे उंच टेबल, उभ्याने कापायचं. लोक म्हणाले, प्रगती झाली! झाली ना, बाबांची पाठ गेली होती, माझे गुडघे गेले. जन्मभर उभा राहिलो हो! सूट कापले, शेरवान्या कापल्या, शाळेच्या गणवेशांचे तर डोंगर कापले, आणि गुडघ्यांना वाकायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग एक वर्ष आक्काकडे बसताना 'आई गं' झालं, पुढच्या वर्षी बसताना आणि उठताना दोन्ही वेळा झालं, आणि गेल्या वर्षी... बसलोच नाही. बसताच येईना. मी आपली एक खुर्ची ओढली चादरीच्या कडेला, म्हटलं, वाटा.

वाटले. पहिला हात झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला दादाने पानं छातीशी धरली, एखाद्या नव्या नवरीने पदर धरावा तशी! म्हणतो, 'याला वरून माझं सगळं दिसतंय.' मी म्हटलं, मी बघतच नाहीये. तर धाकटी म्हणते, 'मग तुला कसं कळलं माझ्याकडे राणी एकटी आहे ते? लगेच राजा टाकलास!' अहो, दिसली राणी! मी काय करू? माझे डोळे मास्तरचे! समोरून माणूस चालत आला तर त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे हे मला दिसतं, तर हिची राणी दिसणार नाही? आणि आक्काने, म्हणजे माझ्या भिडूने, पानं खाली ठेवली, चष्मा काढला आणि निकाल दिला, 'खुर्चीवरच्याला पत्ते नाहीत.'

मी म्हटलं, 'आक्का, मी तुझा भिडू!'

'म्हणूनच. उद्या म्हणतील, आक्का लबाडीने जिंकली.'

'मग टेबलावर खेळू. चौघंही खुर्चीवर.'

'टेबलावर जेवतात. पत्ते खाली बसून खेळायचे असतात.'

संपलं! आक्काच्या निकालावर अपील नाही. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेले आमचे मेहुणे, धाकटीचे यजमान... लग्न झाल्यापासून हा माणूस त्या चादरीच्या कडेला शेंगा सोलत बसलाय, कोणी पडतंय का, कोणी उठतंय का याची वाट बघत! टुणकन उडी मारली! 'मास्तर, तुम्ही आराम करा, मी आहे की!' आणि माझ्या जागेवर बसले. बसले तेही कसे? पाय असा उचलला, तसा टाकला, दोन्ही तळवे आकाशाकडे! मी म्हटलं, 'पद्मासन का?' तर म्हणतात, 'छे हो, आपलं सहज!' सहज! आणि खेळ? भिडूच्या एक्क्यावर हुकूम मारतो हो हा माणूस! आक्काच्या एक्क्यावर! मी मारला असता तर आक्काने माझं नाव टाकलं असतं, त्याला म्हणाली, 'असू दे, शिकाल.' जावई ना! आणि मी चारही दिवस खुर्चीवर. काम काय? पंखा कमी कर, पंखा वाढव, जरा पाणी आण. प्रेक्षक! चादर तीच, माणसं तीच, फक्त माझा गुडघा त्या गोलात नव्हता. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला रडू आलं. बाथरूमला जाऊन आलो.

घरी आलो तो तोंड पाडून. आमची ही म्हणाली, 'अहो, गुडघ्यांचं रडगाणं भिंतींना ऐकवून काय होणार? मांडी घालायला शिका परत.' मी म्हटलं, मांडी ही काय शिकायची गोष्ट आहे? तर तिने कुठून तरी शोधून काढला एक योगवर्ग, चार गल्ल्या पलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. पाटी काय, तर 'योग : सावकाश, समजून, जपून.' मी म्हटलं, ही योगाची पाटी आहे का पुढे रस्त्याचं काम चालू असल्याची? पण गेलो. करतो काय? वर्षभराने सुट्टी येणारच होती, आणि मेहुण्यांना एकदा चटक लागली की ते काही उठायचे नाहीत.

तर तिथली बाई... बाई कसली, माझ्या मुलीपेक्षा लहान, आवाज असा अलगद, जणू खोलीत बाळ झोपलंय. 'काका, काही दुखणं आहे का? गुडघे, कंबर, रक्तदाब, एखादं ऑपरेशन? लपवू नका हं.' मी छाती पुढे काढून म्हटलं, 'ठणठणीत!' म्हणाली, 'छान, मग बसा चटईवर.' आता बसायचं म्हणजे... मी एक हात भिंतीला लावला, एक खिडकीला, मग शेजारच्या बाईंच्या खांद्याला, 'माफ करा' म्हटलं, मग जमिनीवर एक हात, मग दुसरा, मग बराच वेळ नुसताच ओणवा. सगळा वर्ग थांबलेला. बाई म्हणाली, 'काका... ठणठणीत?' मी म्हटलं, 'गुडघे सोडून.' आणि तेव्हा तिने ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं, अगदी गोड हसून, 'हरकत नाही हं. जेवढं जमतं तेवढंच!'

तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. जेवढं जमतं तेवढंच? अरे, जमत नाही म्हणून तर आलोय! माझ्या दुकानात मी असं म्हटलं असतं तर? गिऱ्हाईक म्हणतंय, मास्तर, बाही? मी म्हणणार, जमली तेवढी लावली, दुसरी तुमची तुम्ही बघा!

आणि वर्गात एकेक नग! माझ्या पुढच्या चटईवर एक रिटायर कंडक्टरीणबाई, त्यांना मी नाव ठेवलं होतं घडीची खुर्ची. कुठूनही दुमडा, कशाही मिटा, पुन्हा उघडून हसत उभ्या! त्यांच्या शेजारी एक दातांचे डॉक्टर, पोट पुढे, आणि त्यांची ती पँट... आता मी आसन बघू का शिवण बघू? लोकांना पुढच्याची पाठ दिसते, मला पाठीमागची शिवण दिसते! एकेरी टाका हो! ताणाच्या जागी! बाई म्हणते, 'सावकाश पुढे वाका...' डॉक्टर वाकले, शिवण ताणली, मी ओरडलो, 'थांबा! वाकू नका! अजिबात वाकू नका!' बाई खूश! 'बघा, काका कसं म्हणतायत, आपली मर्यादा ओळखायची...' आणि तेवढ्यात चर्रर्र! मर्यादा ओलांडली गेली. डॉक्टर तिथेच बसले ते वर्ग संपेपर्यंत उठले नाहीत. शेवटी मी माझा टॉवेल दिला.

मग श्वास. तुम्ही म्हणाल, श्वासात काय शिकायचंय, जन्मल्यापासून घेतोच आहोत. मी पण तेच म्हणत होतो. पण बाई माझ्या चटईशी येऊन उभी राहायची, 'काका, श्वास चालू आहे ना?' मी मान हलवायचो. 'काका, सोडा श्वास.' मी मान हलवायचो. 'काका, सोडा की!' आणि मग मी भस्सकन सोडायचो, की पुढच्या घडीच्या खुर्चीचे केस उडायचे. अहो, माझी सवय! कापडावर कात्री घातली की मास्तर श्वास धरतो. हात हलला, श्वास हलला, की गेलं कापड! महागातलं कापड आणि उद्याचं लग्न असेल तर आख्खा कोट एका श्वासात. म्हणजे काहीही महत्त्वाचं करायचं तर मी श्वास बंद करणार, आणि ही म्हणते महत्त्वाचं करताना श्वास चालू ठेवायचा! चेहरा लालबुंद व्हायचा माझा. 'काका, आसन करताना गप्पा मारता येतील इतका श्वास मोकळा हवा.' मी म्हटलं, गप्पा मारू? म्हणाली, नको.

पण मी काही हार मानणारा नाही. मी टेप काढला. गळ्यात टेप असतोच माझ्या, सवयीने, आंघोळीनंतर बनियनच्या आधी टेप. मांडी घातली, म्हणजे घातल्यासारखं केलं, आणि गुडघा ते जमीन मोजलं. नऊ इंच! म्हणजे बघा, जमीन इथे आणि माझा गुडघा तिथे आरामात तरंगतोय. म्हटलं, ठीक आहे, आठवड्याला अर्धा इंच जरी उतरवला... बाई आली. 'काका, हे काय?' मी म्हटलं, माप. तिने हळूच टेप काढून घेतला. माझ्या गळ्यातला टेप! आमच्या हिनेही कधी हात लावला नाही त्याला! आणि कपाटातून दोन ब्लँकेटं आणून, घड्या घालून, माझ्या बुडाखाली आणि गुडघ्यांखाली सारली. म्हणाली, 'गुडघा जमिनीपर्यंत जात नाही ना? मग जमीन गुडघ्यापर्यंत आणू.' मी म्हटलं, हे खोटं झालं. 'खोटं कसं? आधार आहे. पाठ बघा कशी सरळ झाली. जेवढं जमतं तेवढंच!' पाठ झाली होती सरळ, ते मी कबूल केलं नाही. भरतकाम केलेल्या गादीवर बसलेल्या संस्थानिकासारखा मी बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, आक्का बघेल तर काय म्हणेल? चादरीवर ब्लँकेटं? तिचा निकाल काय?

आता ऐका, पुढे काय झालं. सुट्टी येत चाललेली, गुडघा अजून वरच. मी विचार केला, आपण मास्तर आहोत, आपल्या धंद्यात यावर उपाय नाही का? आहे! कापड आखडलं, बसत नाही, काय करतो आपण? ओलं करतो, ताणतो, वर वजन ठेवतो, सकाळी सरळ! झालं! रविवारी कडकडीत पाण्याने आंघोळ केली, म्हणजे ओलं झालं. आमची ही देवळात नाही, भिशीत नाही, नुसती शेजारी गेलेली. मी पलंगावर मांडी घातली आणि माझ्या दुकानातल्या दोन जुन्या इस्त्र्या, बिडाच्या, थंड हो, थंड, एवढी अक्कल होती, त्या ठेवल्या, एक या गुडघ्यावर, एक त्या. आणि वरून जरा दाबलं. श्वास धरून.

कट्!

असा आवाज झाला. मला वाटलं पलंगाचा पाय गेला. नाही. ही परत आली तेव्हा मी तसाच, इस्त्र्यांसकट. तिने दारातून बघितलं. मग म्हणते, 'अहो, पाणी पण मारायचं होतं ना वरून... चुण्या राहतील अशाने!'

गुडघा भोपळ्याएवढा. किती दिवस खुर्ची ते विचारू नका. पुन्हा खुर्ची! ज्या खुर्चीतून सुटायला गेलो तिच्यातच जाऊन पडलो, पाय स्टुलावर, आणि समोर भिंत. तेव्हा खरंच वाटलं, संपला आपला डाव. आता मेहुणेच कायमचे. मी गेल्यावर लोक म्हणतील, मास्तर चांगला खेळायचा... आणि आक्का म्हणेल, हो, पण खुर्चीत गेला.

सूज उतरल्यावर लंगडत वर्गात गेलो. म्हटलं, बाई ओरडेल, बरं वाटेल. ओरडली नाही! नुसती म्हणाली, 'दुखलं तेव्हा थांबला का नाहीत?' मी काय सांगणार, की मला थांबायला वेळ नव्हता? तिने काय केलं, एक खुर्ची आणली. मी म्हटलं, इथेही? म्हणाली, 'बसायचं नाही, खाली झोपायचं, आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या.' तसा पडलो. पाठ जमिनीवर, पाय खुर्चीवर. 'काही करायचं नाही. श्वास येतो तसा येऊ द्या, जातो तसा जाऊ द्या.' खाली सायकलवाल्याकडे ट्यूब फुटली, फट्ट! वर्गातले सगळे दचकले, मी दचकलो नाही. कारण मी तिथे नव्हतोच. अहो, मी वर बघितलं, तर मला खुर्चीची खालची बाजू दिसली. कच्चं लाकूड, न रंगवलेलं, एक खिळा वाकडा. आणि तुम्हाला सांगतो, किती वर्षांनी मी लाकूड खालून बघत होतो! बाबांच्या टेबलाची खालची बाजू अशीच होती. तिथे खडूने आम्ही खुणा केलेल्या, कोणाची जागा कुठली त्याच्या, बाबांचाच खडू चोरून. चिंध्यांचा वास, कापडाच्या खळीचा वास, आक्काच्या वेणीचा तेलाचा वास... आणि पलंगावर बाबा जागे, झोपल्यासारखे. कधी डोळ्यांतून पाणी कानात गेलं कळलंच नाही. बाई आली, म्हणाली, 'काका, श्वास?' मी म्हटलं, 'चालू आहे.' आणि चालू होता हो! पहिल्यांदा! मी काही धरलंच नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना डोक्यात एकदम लख्ख झालं. माझ्याकडे बायका यायच्या, घेरदार झग्याचं कापड घेऊन, उरेब कापायचं. उरेब म्हणजे तिरकं. तिरकं कापलेलं कापड लगेच दुमडायचं नसतं, ते टांगून ठेवायचं, आपल्याच वजनाने ते हळूहळू लोंबतं, जेवढं उतरायचं तेवढं उतरतं, मग खालची कड सारखी करायची. ओढून उतरवलं तर झगा जन्मभर वाकडा. त्या बायका घाई करायच्या, 'मास्तर, उद्याच हवा!' आणि मी, मी हो, मी त्यांना ऐकवायचो, 'ताई, कापडाला लोंबू द्या!' आणि हाच शहाणा स्वतःच्या गुडघ्यावर इस्त्री ठेवून बसला!

मग मात्र ऐकलं बाईचं. टेप घरी ठेवला. रोज थोडं, आधी अंग गरम करायचं, मग हळू. ताण आला तर थांबायचं, टोचलं तर मागे यायचं, शेजारच्याकडे बघायचं नाही, घडीच्या खुर्चीकडे तर नाहीच नाही. उठताना कुशीवर वळायचं, हात टेकायचा, श्वास घ्यायचा, मग उठायचं. आणि ब्लँकेटांऐवजी मी स्वतः गाद्या शिवल्या, तीन. एक बुडाची, दोन गुडघ्यांच्या, आत चिंध्या ठासून भरलेल्या, कडेला दुहेरी टाका. बाई बघतच राहिली. सगळ्या वर्गाला करून दिल्या मग. डॉक्टरांना पँटसुद्धा करून दिली. आणि एक दिवस बसलो, उठायला विसरलो. बाई म्हणाली, 'काका, वर्ग संपला.' मांडी घालून बसलो होतो! गुडघे जमिनीला नव्हते, गाद्यांना होते. जेवढं जमतं तेवढंच! आता हे मीच म्हणायला लागलो होतो, चहा कमी आला तरी.

आणि मग सुट्टी आली. बगलेत तीन गाद्या मारून मी आक्काच्या घरात शिरलो ते थेट चादरीवर! अंग आधी गरम करून आलो होतो, जिन्यातच. गाद्या मांडल्या, हात टेकला, श्वास सोडला, बसलो. 'आई गं' नाही, 'हुश्श' नाही! दादाने टाळ्या वाजवल्या, धाकटी म्हणाली, 'अगंबाई, हा तर मूर्ती झाला!' मेहुण्यांच्या हातातली शेंग हातातच. मी म्हटलं, 'मेहुणे, तुम्ही आराम करा, मी आहे की!' वर्षभर घोकलेलं वाक्य हो ते! काय गोड लागलं! मग हाक मारली, 'आक्का, ये, वाटतो मी!'

आक्का आली. आतून, सावकाश, काठी टेकत. काठी आम्ही कोणी बघितली नव्हती. आणि तिच्या मागून तिची सून... खुर्ची घेऊन.

सुनेने हळूच सांगितलं, 'डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय. अजिबात. कळवू नका म्हणाल्या तुम्हाला.' आक्का बसली खुर्चीवर. चष्मा पुसला. आमच्याकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि त्याच आवाजात म्हणाली, 'खेळा तुम्ही. खुर्चीवरच्याला पत्ते नाहीत.' आवाज तोच होता, फक्त शेवटी जरासा... फाटला.

तुम्हाला सांगतो, वर्षभर मी ठरवत होतो, कधी संधी मिळाली तर आक्काला काय काय ऐकवायचं. एकेक वाक्य इस्त्री करून ठेवलं होतं. एक आठवलं नाही! मी म्हटलं, 'आक्का, टेबलावर खेळू.' नाही. 'आक्का, माझ्या वर्गाला चल. जेवढं जमतं तेवढंच करायचं असतं तिथे.' म्हणाली, 'मला जमिनीवर काहीच जमत नाही रे आता.' दादा चादरीच्या दशा ओढत बसला. धाकटी नाक पुसायला लागली. आणि मी हे सगळं कशासाठी केलं होतं हो? त्या गोलात माझा गुडघा हवा म्हणून. आता माझा गुडघा होता आणि आक्काचा नव्हता. असल्या गोलात बसून करायचंय काय?

मी म्हटलं, 'सूनबाई, खुर्ची इकडे आण. माझ्या मागे. अगदी मागे, चिकटून.' आणली. 'आता आक्का, तिथून तुला फक्त माझी पानं दिसतात. दादाची नाहीत, धाकटीची नाहीत. लबाडी नाही. पानं मी धरतो. खेळ तू.' आक्काने विचार केला. नियम इकडून बघितला, तिकडून बघितला. म्हणाली, 'चालेल.' मी म्हटलं, 'पण मग हे मागच्या वर्षी का नाही सुचलं तुला? टाकायची होतीस माझी खुर्ची मेहुण्यांच्या मागे!'

म्हणाली, 'मागच्या वर्षी माझे गुडघे शाबूत होते.'

घ्या!

आणि वाटली पानं. आक्काच्या पोटऱ्या माझ्या पाठीला टेकलेल्या, पाठ इतकी सरळ वर्गातही कधी राहिली नाही. उजव्या खांद्यावर बोट टेकवलं, की उजवीकडचं पान. डावीकडे टेकवलं, की डावीकडचं. डोक्यावर टपली, की हुकूम. माझ्या मुठीत पानं मावत नव्हती तेव्हा टेबलाखाली ती मला मांडीत घेऊन असंच खेळायची, हे मी पार विसरलो होतो. दुसऱ्या हाताला टपली बसली आणि आठवलं. मी पान टाकायला गेलो आपल्या मनाने एकदा, तर वरून, 'गाढवा, गुलाम कशाला? नव्वी टाक!' या वयात गाढवा म्हणणारं आता आहे कोण मला?

पण एक सांगा. पत्ते चौघांचे. दादा, धाकटी, माझ्या हातातून आक्का... आणि समोर भिडू कोण? तिथे कोणीतरी बसायला हवंच ना? बसले! मी 'बसा' म्हणायच्या आत बसले! तळवे आकाशाकडे! आणि पहिलाच डाव जिंकल्यावर आक्का माझ्या डोक्यावरून वाकून त्यांना टाळी देते, म्हणते, 'वा भिडू!' भिडूने परत तिच्या एक्क्यावर हुकूम मारला होता, तरी! म्हणजे काय झालं बघा, आक्का खेळते, मेहुणे तिचे भिडू, आणि मी? मी जरा पाय मोकळा करायला गेलो, तर वरून आवाज आला, 'हलू नकोस, मला पानं दिसत नाहीत!' वर्षभर घाम गाळला, गुडघा फोडून घेतला, श्वास घ्यायला शिकलो, आणि शेवटी झालो काय? पत्त्यांचा स्टँड! ...मांडी घातलेला, एवढंच.